नव्या उंबरण्याचा पहिला अध्यक्ष

मनुबाईला एकच घोर लागला होता. गाव हललं, हे तिच्या नवऱ्याला कळणार कसं?

उंबरणं हे गाव मूळचं वाईच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठाचं. धरण होणार म्हणून सरकारनं गाव उठवलं आणि शिरवळच्या अलीकडं एका उघड्या माळावर नेऊन बसवलं. होळी झाली तसे ट्रक लागले. लोकांनी दारं-तुळया उचकटल्या, जाती भरली, देव फडक्यात गुंडाळले. मनुबाईचा नवरा गुंडा त्याच हिवाळ्यात पलटणीबरोबर पूर्वेच्या लढाईला गेला होता. लढाई जिंकली, तिकडं नवा देश उभा राहिला, आसपासच्या गावांतले जवान गुलाल अंगावर घेत परत आले. गुंडाची मात्र तार आली. नाईक गुंडा बेपत्ता. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिता म्हणावं तर पत्र नाही. सासूनं, बयाबाईनं, सुनेच्या कपाळाचं कुंकू पुसू दिलं नाही.

"माझ्या पोटात अजून काय तुटलं न्हाई," ती म्हणाली. "तवर तू सवाशीण."

ट्रक सुटायच्या वेळी मनुबाई खाली उतरली आणि उखडलेल्या घराच्या जोत्यावर कोळशानं एक बाण काढून आली. बाणाचं तोंड कुणीकडं करायचं, तेही तिला म्हाताऱ्या कोंडीबाला विचारावं लागलं.

नवं उंबरणं म्हणजे काय, तर नुसता माळ. झाड म्हणून एक बाभळ. सरकारनं बांधून दिलेली पत्र्याची एक शेड. त्या साली पावसानं डोळे वटारले ते वटारलेच. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, बाया डोक्यावर घागरी घेऊन टँकरची वाट बघायच्या. पुनर्वसनाचे साहेब जीपमधून आले आणि सांगून गेले, "तुमचं गाव अजून कुठल्याच ग्रामपंचायतीत नाही. आम्ही बोलायचं कुणाशी? एक अध्यक्ष निवडा, मग विहिरीचं बघू."

अध्यक्ष निवडा म्हटल्यावर गावाचे दोन तुकडे झाले. वरच्या आळीला लालासाहेब हवा, खालच्या आळीला नानासो. बाभळीखाली बैठक बसली की शिव्यांवर उठायची. एकदा तर दगड उचलले गेले. त्या दिवशी नाथाजी मध्ये पडला. नाथाजी पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेला. गावात ट्रान्झिस्टर त्याच्याकडंच, आणि जगाच्या बातम्याही त्याच्याकडंच.

"भांडता कशापायी, गड्यांनो? आपला गुंडा ज्येच्यापायी लढला, त्या देशानं आपला पहिला अध्यक्ष कसा निवडला, ठावं हाय का?"

"आता त्यो देश कुठनं आणला मधी?" नानासो फिस्कारला.

"ऐक तर. लढाईच्या आधीची गोष्ट, चैत्रातली. मुलूख सगळा दुश्मनाच्या टाचंखाली. हद्दीजवळ एक आमराई तेवढी मोकळी. तिथं जमली ती माणसं. बसायला खुर्च्या बी जवळच्या घरांतनं मागून आणलेल्या. अन् अध्यक्ष केला कुणाला? जो तिथं न्हवताच त्येला! त्यो पार पल्याड, दुश्मनाच्या तुरुंगात. जिता हाय का मेला, कुणाला पत्ता न्हाई. तरी नाव त्येचंच पुकारलं. त्येच्या जागी उपाध्यक्षानं शपथ घेतली, सलामी झाली, गाणं झालं. देश झाला!"

"अन् मग?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मग काय? वरीस सरायच्या आत त्यो जिता परत आला."

बाया मागं उभ्या होत्या, त्यांत मनुबाई. एकेक करून सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. तिनं पदर ओढून घेतला.

कोंडीबा खाकरला. "गुंडाला करू. आता त्यो ना वरच्या आळीचा, ना खालच्या."

लालासाहेबानं मनात हिशेब मांडला, की नसलेला माणूस आपल्याला काय नडणार? नानासोनंही तोच मांडला. दोघांनी माना हलवल्या. मनुबाईला मात्र वेगळंच वाटलं. त्या देशानं बोलावलं तर तुरुंगातला माणूस परत आला. मग आपला का नाही येणार? एवढ्या माणसांनी मिळून हाक मारली, तर वाट चुकलेल्याला कळणार नाही का, की गाव आता इथं आहे?

आडवी आली ती बयाबाई. "अध्यक्ष करा न्हाईतर राजा करा," ती म्हणाली. "पर माझ्या लेकाचं नाव घेऊन हाळी मारायची न्हाई. नाव घेऊन बोलवायला त्यो काय पिंडाला यायचाय?"

तिचं मन मोडायला नको म्हणून ठरलं, नाव घ्यायचं नाही.

शपथेचा दिवस रविवार. टळटळीत दुपार, सावल्या पायाखाली गेलेल्या. नानासोच्या घरची हातांची खुर्ची बाभळीखाली मांडली. गुंडा मागं एकदा रजेवर येताना पलटणीची हिरवी कांबळ घेऊन आला होता, ती मनुबाईनं घडी करून खुर्चीवर अंथरली. कोंडीबानं त्याच्या वतीनं बेलभंडारा उचलला आणि गावाचा कारभार दोन्ही आळ्यांना सारखा बघून करीन म्हणून शपथ घेतली. मग नाथाजी पूर्वेला तोंड करून सावधानमध्ये उभा राहिला आणि परेडच्या आवाजात ओरडला,

"त्या मुलखात राहिलेला आमचा जो माणूस असंल, त्येनं यावं अन् आपली खुर्ची घ्यावी!"

तीनदा ओरडला. तिसऱ्या हाकेला वारा पडला. पलीकडं शेरडं चरत होती, त्यांनी चरायचं सोडून माना वर केल्या. सगळी एकाच दिशेनं बघत होती, आणि त्यांच्या माना हळूहळू फिरत होत्या, जसं कुणी माळावरून चालत येतंय आणि ती त्याला बघताहेत. माना बाभळीपाशी येऊन थांबल्या.

खुर्ची करकरली. मोकळ्या खुर्चीचे चारी पाय बोटभर मातीत खाली गेले.

नाथाजीनं सलाम ठोकला. माणसं मागं न बघता आपापल्या घरी गेली.

खुर्ची शेडमध्ये नेऊन ठेवली. ती झाडायची-पुसायची म्हणून मनुबाईकडं आली. दुपारी खडीच्या कामाची सुट्टी झाली की ती शेडमध्ये जायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं कांबळीवर हात फिरवला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. कांबळ ओलीचिंब होती. पिळली तर पाणी निथळलं. माळावर प्यायला थेंब नव्हता आणि इथं पाणी गळत होतं. तिनं वर बघितलं, तर पत्रा तापून तडतडत होता. तिनं बोटं नाकाशी नेली. गाळाचा वास. कृष्णेच्या गाळाचा नव्हे, तो तिच्या ओळखीचा होता. अंबाडी डबक्यात कुजत टाकली की येतो, तसला उग्र, हिरवट वास.

त्या देशात नद्याच नद्या आहेत, असं नाथाजी सांगायचा.

"आवं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी आलाय व्हय?"

खुर्चीच्या बुडाशी एक थेंब जमला आणि खाली पडला. टप.

ती घाबरली खरी, पण पळाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. मग रोजचं झालं. शेडचं दार लोटून घ्यायची, खुर्चीसमोर जमिनीवर बसायची आणि बोलायची. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यात नवरा रजेपुरता वाट्याला आलेला. समोर असताना जे बोलायची तिची जीभ उचलली नव्हती, ते सगळं ती आता बोलली. पोटातलं पोर तिसऱ्या महिन्यात गेलं ते सांगितलं. ते तिनं सासूपासूनसुद्धा लपवलं होतं. रात्री अंग कसं जळतं ते सांगितलं. एकदा तर म्हणाली, "तुमी मेला असाल तरी चालंल मला. फकस्त असं येत जावा." ती रडली की कांबळ जास्त ओली व्हायची, आणि थेंब सावकाश पडायचे, तिच्या हुंदक्याला हुंदका दिल्यासारखे.

गावानंही खुर्ची मानली. टँकरच्या पाण्यावरून भांडण झालं की कोंडीबा दोघांना शेडमध्ये नेऊन उभा करायचा. तिथं खोटं बोलायला जीभ रेटायची नाही. नानासोनं एकदा माज केला. "खुर्ची माझ्या घरची, मी बसतो," म्हणाला आणि बसला. बसला तसा किंचाळून उठला. धोतर मागून भिजलेलं, ओठ निळे. चैत्राच्या उन्हात वाकळ पांघरून तो दिवसदिवस कुडकुडत राहिला. फार विचारलं तेव्हा एवढंच बोलला, "खाली खुर्ची न्हाई लागली रं. कुणाची तरी मांडी लागली."

बयाबाई शेडमध्ये एकदाच आली. कांबळ चाचपली, बोटं हुंगली आणि सुनेकडं वळली.

"मनू, ह्यो माझा गुंडा न्हवं."

"असं कसं म्हंता, आत्ती?"

"नऊ म्हयने पोटात व्हता. मला वास कळत न्हाई? कोण हाय त्ये ठावं न्हाई, पर माझा लेक न्हवं. हितं बसू नगंस."

मनुबाईला त्याचा असा राग आला की तिनं सासूशी बोलणं टाकलं. म्हातारीला लेक परत आलेला बघवत नाही, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

जेठ महिना लागला. एका दुपारी ती अशीच खुर्चीसमोर बसली होती. त्या दिवशी खडी फोडताना बोटाचं नख उचकटलं होतं. ते ती दाखवत होती, थोडी लाडात येऊन. "बगा की, किती लागलंय. फुकर घाला न्हवं." आणि खरंच बोटावर गार वाऱ्याची झुळूक आली. तिनं डोळे मिटले.

मागं दार करकरलं.

"मनू? कुणाशी बोलतीस?"

तिनं वळून बघितलं. दारात उन्हाच्या लोटात गुंडा उभा होता. गालफडं बसलेली, एक पाय ओढत, अंगभर धूळ. ओठ तहानेनं फुटलेले. कोरडा ठणठणीत.

आणि तिच्या पाठीमागं, खुर्चीखाली, थेंब पडला. टप.

तिला ना पुढं पाऊल टाकता येईना, ना मागं. नवरा समोर आहे, तर मग इतके महिने मागं कोण होतं? तिच्या घशातून आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही.

आवाज ऐकून माणसं धावली. बयाबाई सगळ्यांत पुढं. तिनं आधी लेकाचे पाय बघितले, टाचा मागं आहेत ना, मग सावली बघितली, आणि मगच त्याच्या गळ्यात पडली. कुणी पाणी दिलं. गुंडा घटाघटा प्याला. जुन्या गावाला जाऊन आलो, तिथं नुसती जोती उरलीत, गाव कुठं गेलं याची कसलीच खूण दिसली नाही, वाईला एका माणसानं सांगितलं म्हणून इकडं आलो, असं तो सांगत होता. सांगता सांगता थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"ह्यो वास कसला?"

नाथाजीनं खाली बघत सगळी हकीकत सांगितली. आमराईची, शपथेची, हाकेची. गुंडा उठला, लंगडत खुर्चीपाशी गेला आणि कांबळीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "ज्ञानू."

खुर्चीखाली टपटप, टपटप, थेंबांची धारच लागली.

ज्ञानू हा त्याच्या पलटणीतला शिपाई, माण तालुक्याकडचा. आईबाप लहानपणीच गेलेले. मामानं वाढवला, तो मामाही गेला. मागं रडायला कुणी नाही.

"नदी वलांडायची व्हती," गुंडा सांगू लागला. "मला ताप भरलेला. ज्ञानूनं आपला कोरडा कोट माझ्या अंगावर घातला अन् माझा वला आपल्या अंगावर चढवला. मधल्या धारंत होडी उलटली. त्येनं मला लाकडावर ढकलला, एवढंच ध्यानात हाय. डोस्क्याला मार बसला. इस्पितळात समदी मला ज्ञानू म्हणायची, कोटावर त्येचं नाव व्हतं. मला माझंच नाव आठवंना. म्या बी ओ द्यायचो. भेटायला कुणी आलं न्हाई, त्येला व्हतंच कोण यायला? आत्ता होळीच्या सुमारास एकाएकी डोस्कं उघडलं. गाव आठवलं, ही आठवली. पत्र धाडलं त्ये जुन्या गावाला गेलं, अन् सुटायला जेठ उजाडला." त्यानं मनुबाईकडं बघितलं. "तिकडं मी त्येच्या नावाला ओ देत व्हतो, अन् हिकडं त्यो माझ्या जागंवर येऊन बसला."

"आमी नाव घेतलं न्हाई," कोंडीबा पुटपुटला. "त्या मुलखात राहिलेला आमचा माणूस, एवढंच म्हणालो."

"बरोबर हाय मग. त्योच राहिलाय तिकडं. जन्मात त्येला पहिल्यांदा कुणी 'आमचा' म्हटलं असंल. यील न्हाई तर काय करंल?"

नाथाजीनं भीत भीत विचारलं, "आता खुर्चीचं काय? अध्यक्ष तर तू हायेस."

"म्या न्हाई बसायचो. तुमी बोलावला, त्यो आला. अध्यक्ष त्योच."

लालासाहेब म्हणाला, मांत्रिक आणू. नानासोला ती खुर्ची जाळून टाकायची होती. गुंडा ऐकेना. शेवटी दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा खुर्ची बाभळीखाली नेली. या खेपेला नाव घेऊन हाक दिली. "शिपाई ज्ञानू! नव्या उंबरण्याचा अध्यक्ष!" कोंडीबानं नव्यानं बेलभंडारा उचलला. गुंडानं लंगड्या पायावर ताठ उभं राहून सलाम केला. त्या दिवशी शेरडांनी माना उचलल्या नाहीत, खुर्ची हलली नाही. वारा मात्र वाहत राहिला, अंबाडीच्या वासाचा.

मनुबाई त्या शपथेला गेली नाही. घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ज्या गोष्टी नवऱ्यालाही कधी सांगितल्या नसत्या, त्या तिनं एका परक्या, मेलेल्या पुरुषाला सांगितल्या होत्या. आठवलं की तिला अंगावरची चामडी सोलून काढावीशी वाटायची. गुंडानं जवळ बोलावलं की ती दचकून उठायची. त्याच्या अंगाला हात लावून बघायची, कोरडं आहे ना.

सासूच मग तिच्या उशाशी येऊन बसली. "जा, बोलून यी एकदा," ती म्हणाली. "पावण्याला असं दारात ठिवू नी."

मनुबाई गेली. शेडचं दार तिनं या वेळी उघडं ठेवलं. कांबळ ओली होती. ती जमिनीवर न बसता उभीच राहिली, डोक्यावरून पदर घेतला.

"ज्ञानू भाऊ," ती म्हणाली. मग कसंबसं पुढं बोलली, "जे बोलले त्ये तुमच्यापायी न्हवतं. पर तुमी ऐकलंत. कुणी ऐकत न्हवतं तवा ऐकलंत. मनात काय ठिवू नगा."

तिनं वाट बघितली. एकही थेंब पडला नाही.

पुढं पाऊस आला, शेड सगळीच गळायला लागली, आणि मग कुठलं पाणी कुणाचं, हे सांगायला जागाच राहिली नाही. दिवाळीच्या सुमारास कांबळ वाळली ती कायमचीच. कारभार कोंडीबा बघत होता. पुढं ग्रामपंचायत मंजूर झाली तेव्हा साहेबांनी विचारलं, आधी अध्यक्ष कोण होता? सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं, ज्ञानू शिपाई. साहेब म्हणाले, भेटायला बोलवा त्यांना. कोंडीबा म्हणाला, "नगं सायेब. बोलावलं की येत्यात त्ये."

मनुबाईनं गुंडाला बरेच दिवस काही विचारलं नाही. एकदा दुपारी तो ओट्यावर दोर वळत बसला होता. तेव्हा तिनं हळूच विचारलं, "कसा व्हता वो त्यो?"

"ज्ञानू? कमी बोलायचा." गुंडानं पीळ घट्ट केला. "तुझी पत्रं यायची न्हवं, मास्तरांकडनं लिवून घेतलेली? म्या ती मोठ्यानं वाचायचो अन् त्यो ऐकत बसायचा. त्येला कुणाचं पत्र येत न्हवतं. वाचून झालं की म्हणायचा, नाईक, पुन्हा एकदा वाचा."

मनुबाई वळली. आत गेली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, आणि तो तसाच हातात धरून बराच वेळ उभी राहिली.